फादरनी चाखलेली भिंत

फादर माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, चहाचं विचारलं तर हो-ना केलं नाही, खुर्चीकडं बघितलंसुद्धा नाही. दारातून सरळ आत आले, बैठकीतल्या भिंतीपुढं उभे राहिले आणि बोटाचं हाड वाकवून तिच्यावर ठक ठक वाजवलं. कान लावला. थोडं सरकून पुन्हा वाजवलं. मग माझ्याकडं वळून विचारलं,

"ही भिंत तुमची?"

"न्हाई," मी म्हणलं, "पोराची."

"म्हणूनच पोकळ वाजते," असं म्हणून मग ते बसले.

अंगात पांढरा पायघोळ झगा, झग्याचा घोळ सायकलच्या चेनीत जाऊ नये म्हणून कमरेशी सुतळीनं वर बांधलेला, पायात रबरी चप्पल, डोक्यावर उन्हाचा ओला रुमाल. मला वाटलं कुणी हकीम असेल. ते म्हणाले, "मी स्टेशनकडच्या दगडी चर्चचा फादर. माझी एक भिंत आजारी आहे. आमच्या चर्चच्या सणापर्यंत बरी झाली नाही तर तिच्यावर सिमेंट मारून टाइल बसवणार आहेत. चुन्याचा मिस्त्री आहे का कुणी, असं सगळ्या नांदेडात विचारून राहिलो. सगळे म्हणतात, एक म्हातारा आहे, पण लई हट्टी आहे. मी म्हटलं, मग तोच पाहिजे."

मूळचे गोव्याकडचे. पण आमच्या मुलखात राहून ‘करून राहिलो, बघून राहिलो’ शिकले होते, आणि एकदा शिकलेलं सोडणाऱ्यातले ते नव्हते. रविवारच्या प्रवचनातसुद्धा म्हणायचे, "देव आपल्याकडे बघून राहिला आहे." पुण्याकडून बदलून आलेल्या एका बाईंनी त्यांना सांगितलं की शुद्ध बोली अशी नसते. फादर म्हणाले, "बाई, ‘बघतो’ म्हटलं तर देव एकदा बघून निघून जाईल. ‘बघून राहिला’ म्हटलं की मग हलत नाही."

माझी शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा ओढूनताणून. खरी शाळा बापाची थापी. उदगीरकडं आमचं गाव. बाप चुन्याचा मिस्त्री, आजा चुन्याचा मिस्त्री. देऊळ असो, दर्गा असो, गढी असो, बारव असो, त्या भागात जिथं चुना लागला तिथं आमच्या घरचा हात लागला. सिमेंट आलं तशी माणसं बदलली. मी बदललो नाही. पोरगा म्हणला, बाबा, सिमेंटचं काम धरा, दिवस बदलले. मी म्हणलं, थापी माळ्यावर ठेवीन पण त्या राखेत हात घालणार न्हाई. आणि ठेवली माळ्यावर. ती फादरनी उतरवली.

चर्च मी बाहेरून हजारदा बघितलं होतं. स्टेशनला जाता-येता दिसतंच. काळा दगड, चुन्याचे सांधे, वर ठेंगणा मनोरा. आत कधी गेलो नव्हतो. मी महादेवाचा माणूस, गळ्यात लिंग. फादरना ते दिसलं तेव्हा म्हणाले, "तुमचं बरं आहे मिस्त्री. तुमचा देव गळ्यात, डागडुजीची भानगड नाही. माझा भिंतीवर आहे, त्याला ओल लागते."

आत गेलो आणि वेदीमागची ती भिंत बघितली. सांगतो कशी होती ती.

निजामाच्या राज्यात रेल्वे आली तेव्हा तिच्यासंगं ड्रायव्हर, गार्ड, बँडवाले अशी ख्रिस्ती मंडळी आली. त्यांनी हे चर्च बांधलं. घंटा आणायला पैका नव्हता म्हणून रुळाचा तुकडा टांगून वाजवायचे, तो तुकडा अजून मागच्या लिंबाला टांगलेला आहे. भिंतीवर चित्र काढायला हैदराबादेकडचा एक चितारी आणला. त्या बिचाऱ्यानं जन्मात चर्च बघितलं नव्हतं. हवेल्यांच्या छताला वेलबुट्टी काढणारा माणूस तो. त्या वेळच्या फादरनी त्याच्या हातात विड्याच्या पानाएवढं एक छापील चित्र दिलं आणि सांगितलं, हे मोठं कर. बाळ येशू, मरियम आणि जोसेफ त्यानं त्या चित्रातून घेतले. बाकीची भिंत उरली. ती त्यानं डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टींनी भरली.

म्हणून मरियमच्या निळ्या शालीला जरीचा काठ आहे. जोसेफच्या हातात आपल्या सुताराचा लाकूड तासायचा वाकस आहे. बाळाला बघायला लांबून तीन राजे आलेत, त्यातला एक शेरवानी आणि तुर्की टोपीत, एक पागोट्यात, आणि तिसरा बोडका, कानात अत्तराचा फाया. फादर म्हणायचे, तो तिसरा म्हणजे चितारीच. देवदूतांचे पंख पोपटासारखे हिरवे. मागं नदी दाखवली आहे, तिला पायऱ्यांचा घाट. ती आपली गंगाच, गोदावरी. सगळ्या चित्राभोवती कमानीला डाळिंबाची वेल. आणि खाली उजव्या अंगाला, बाळाच्या गव्हाणीत तोंड घालून एक बैल.

या बैलावरून आमची पहिली तकरार झाली.

मेणबत्त्यांच्या काजळीनं बैल पार झाकोळला होता. रंग असा कळत नव्हता. मी बघितलं आणि सहज बोललो, "देवणी हाय."

फादर मला वेदी दाखवत होते ते थांबले. "काय?"

"बैल. देवणी जातीचा हाय. कपाळ बगा, कान बगा. आमच्या उदगीरकडचा हाय."

"मिस्त्री," फादर म्हणाले, "हा लाल कंधारी आहे."

"काजळीमुळं लाल दिसतो."

"काजळी काळी असते."

असं सुरू झालं ते आजतागायत संपलेलं नाही. त्यांच्या हट्टाला कारण होतं. तरुणपणी त्यांची पहिली नेमणूक कंधारकडच्या एका खेड्यात होती. एकदा पावसात बैलगाडी ओढ्यात अडकली, गाडीवान उडी मारून पळाला, फादर गाडीतच प्रार्थना करत बसले. प्रार्थना संपायच्या आत बैलांनी गाडी काठाला काढली. फादर म्हणायचे, "मी देवाला हाक मारली, आणि देवानं काम कंधारी बैलांना सांगितलं." तेव्हापासून कंधारी बैल दिसला की सायकलवरून उतरायचे. बाजाराच्या दिवशी यामुळं त्यांना कुठंही पोचायला उशीर व्हायचा.

भिंती वाजवायची सवय मात्र त्यांना चर्चनं लावली. गिलावा कुठं सुटला आहे ते ठोकून कळतं, हे कुणा मिस्त्रीनं कधीतरी सांगितलं, आणि मग त्यांचं बोट थांबेना. बँकेत गेले की काउंटरमागची भिंत वाजवायचे, दवाखान्यात गेले की डॉक्टरच्या आधी भिंत तपासायचे. एका घरात म्हातारं वारलं होतं, फादर प्रार्थनेला गेले. सगळे डोळे मिटून बसलेले, आणि मधेच ठक ठक. घरच्या सुनेनं डोळे उघडले तर फादर कोपऱ्यात कान लावून उभे. म्हणाले, "मुली, तुझ्या सासऱ्याची काळजी करू नको, ते नीट पोचतील. या कोपऱ्याची कर." तो कोपरा पुढच्या पावसाळ्यात खरंच पडला. तेव्हापासून ख्रिस्ती नसलेली माणसंही घर घ्यायच्या आधी फादरना चहाला बोलवायची.

फक्त एका ठिकाणी त्यांनी कधी बोट वाजवलं नाही. त्या बैलावर. मी एकदा छिन्नीच्या दांड्यानं वाजवायला गेलो तर माझा हात धरला.

"बैलाला मारत नाहीत, मिस्त्री."

मी म्हणलं ठीक. आमच्यातसुद्धा नंदीला कुणी मारत नाही.

आता कामाचं. भिंतीचा खालचा गिलावा ओलीनं फुगून पडला होता, आणि ओल चित्रात चढत होती. जोसेफच्या पायाचा रंग पापुद्र्यांनी गळत होता. मी म्हणलं, ओल जमिनीतून वर चढते. फादर म्हणाले, छपरातून खाली उतरते. मी जमीन खणून दाखवली, ती कोरडी निघाली. ते छपरावर चढले, तेही कोरडं. तरी आम्ही दोघं आपापल्या जागी कायम.

मी चुना भिजवला. चुन्याचं काम म्हणजे स्वैपाक आहे, आणि घाई केली की करपतं. भिजवलेला चुना मुरवायचा, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, भिजवलेल्या उडदाचं पाणी, गुळाचं पाणी प्रमाणात घालायचं, मग घोटत बसायचं. फादर स्टूल घेऊन शेजारी बसायचे. पहिल्याच दिवशी मी वळलो तेवढ्यात त्यांनी बोट बुडवून चुना जिभेला लावला.

"फादर, थुका," मी ओरडलो.

त्यांनी गिळला. सोंगाड्यासारखं तोंड झालं, डोळ्यांतून पाणी आलं, पण म्हणाले, "गूळ कमी आहे." त्या रविवारी जीभ एवढी सोलली होती की प्रवचन दोन वाक्यांत संपलं. लोक इतके खूश झाले की एकानं मला बाहेर गाठून विचारलं, मिस्त्री, काम अजून किती दिवस चालल?

फादरच्या बंगल्यावर स्वैपाक करणाऱ्या मावशी या सगळ्याला बेजार झाल्या होत्या. लातूरकडच्या एका ख्रिस्ती शेतकऱ्यानं फादरना गुळाच्या ढेपी पाठवल्या होत्या. मावशी म्हणायच्या, "मी पोळ्या कराव म्हणते तर गूळ चर्चला, उडीद भिजवाव म्हणते तर तो बी चर्चला. फादर, भिंतीचं बाळंतपण करून राहिले का?"

"मावशी, भिंत अशक्त आहे."

"तुम्ही कोणते पैलवान हाव?"

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगतो. बांधकामाच्या सामानाचं दुकान, हात सढळ. त्यांनीच चर्चच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून दिले होते, पावसात म्हाताऱ्यांचे पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून. त्यांची आई पुढच्याच बाकावर बसायची आणि ओलीनं खोकायची. ते मला मोबाइलवर टाइल दाखवायचे. त्यावर छापलेले देवदूत गुलाबी, प्लॅस्टिकच्या बाहुल्यांसारखे.

"मिस्त्री, तुम्ही सांगा. हे चांगलं का ते चांगलं?"

"हे पुसायला सोपं," मी म्हणलं.

"तेच तर," ते म्हणाले. "फादरला कळत नाही. चित्र चित्र करतात. चित्राला ताप येत नाही, माझ्या आईला येतो."

हे मी फादरना जाऊन सांगितलं, त्यांना पटलं. म्हणून कमिटीत ठरलं ते फादरनी मान्य केलं. सणाला बिशप येणार. तोवर भिंत कोरडी झाली तर राहील. ओल राहिली तर सिमेंट आणि टाइल, आणि फादर मधे बोलणार नाहीत. घरी परतताना सायकल हातात धरून चालत होते. मला म्हणाले, "मिस्त्री, सिमेंटचं कसं असतं, एकदा घट्ट झालं की मग कुणाचं ऐकत नाही."

मी म्हणलं, "आपलं बी तसंच हाय."

"आपण चुन्याचे आहोत," ते म्हणाले. "आपल्याला वेळ लागतो एवढंच."

मी गिलावा केला. असा केला की बापानं बघितला असता तर काही बोलला नसता, आणि बापानं न बोलणं ही आमच्या घरी शाबासकी. काच घोटावी तसा घोटला. सुकत आला आणि एका ठिकाणी, बैलाच्या खुराखाली, केसासारखी चीर पडली. मी म्हणलं, पडू द्या, भरून काढू. पण फादरच्या डोक्यात पहिल्या दिवसाचं बसलं होतं की गूळ कमी आहे. मी नसताना त्यांनी मावशीच्या मोठ्या पातेल्यात गुळाचा पाक केला आणि दुपारच्या वेळी, चर्चमधे कुणी नसताना, रंगाच्या ब्रशनं अख्ख्या नव्या गिलाव्याला पाजला. भिंत तहानलेली होती, प्यायली.

हे मला सणाच्या दिवशी कळलं. सगळ्यांनाच कळलं.

सणाचा दिवस. चर्च फुलांनी भरलेलं, माणसं दारापर्यंत. मी महादेवाचा माणूस, पण माझी भिंत होती म्हणून मागच्या बाकावर बसलो. बिशप वेदीपुढं उभे, मिस्सा, म्हणजे त्यांची मोठी प्रार्थना, चालू. आणि मला दिसलं की नव्या गिलाव्यावर ओलीचा काळा डाग पुन्हा उठला आहे, जोसेफच्या पायापाशी, तळहाताएवढा. सेक्रेटरींनीही बघितला. त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं, पण हसले नाहीत. एवढा त्यांचा मोठेपणा.

मग वेदीवरचं पांढरं कापड काळं व्हायला लागलं.

मुंग्या. खिडकीतून, दारातून, फरशीच्या सांध्यातून. फुलांच्या हारांवरून, मेणबत्त्यांच्या खांबांवरून, रांगा लावून भिंतीकडं. नांदेडातल्या सगळ्या मुंग्यांना जणू कुणी आमंत्रण धाडलं होतं. एक बिशपच्या हातावर चढली. बिशपनी फुंकर मारली आणि प्रार्थना पुढं चालू ठेवली. पहिल्या बाकावर सेक्रेटरींच्या आई एकदम ताठ झाल्या आणि पदर झटकू लागल्या. पोरं हसू दाबत होती. आणि स्वैपाकाच्या मावशी माझ्या पुढच्या बाकावरून सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तरीच म्हणलं माझं पातेलं चिकट कामून."

मिस्सा संपला. बिशप शांत माणूस. म्हणाले, "फादर, भिंत ओली आहे. आणि गोडसुद्धा दिसते."

फादर खाली बघत होते. मला वाटलं आता माफी मागतील, आणि त्यांनी मागितलीसुद्धा. सेक्रेटरींकडं वळून हात जोडले. "तुमचं खरं झालं. मी शब्द दिला होता. उद्यापासून..." इथं ते थांबले. त्यांची नजर भिंतीवर गेली होती. तो पांढरा झगा, ती सणाची जरीची वस्त्रं, सगळ्यासकट ते वेदीच्या पायरीवर गुडघ्यांवर बसले आणि नाक भिंतीला लावून बघायला लागले. लोकांना वाटलं, फादर पश्चात्तापाची प्रार्थना करताहेत. काही बायांनीही गुडघे टेकले.

"मिस्त्री," फादरनी हाक मारली. "इकडे या. या मुंग्या कुठे जाऊन राहिल्या?"

मी पुढं गेलो. अख्खं चर्च बघत होतं. गूळ सगळ्या भिंतीला, पण मुंग्या सगळ्या भिंतीवर थांबत नव्हत्या. भरलेल्या तोंडानं त्या एकाच जागी जात होत्या. बैलाच्या खुराखाली, त्या चिरेत. आत जात होत्या आणि रिकाम्या बाहेर येत होत्या.

"मुंगी माल घरात नेऊन ठेवते," मी म्हणलं. "आत पोकळ हाय. जागा हाय आत."

"पण मी सगळी भिंत वाजवली आहे."

"सगळी न्हाई," मी म्हणलं. "बैल सोडून."

मी बोटाचं हाड वाकवलं आणि त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मी बैलाच्या खुरावर वाजवलं.

ढप.

शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"उघडावं लागल," मी म्हणलं. "खूर जाईल."

चित्राचा एवढासा तुकडा जाऊ नये म्हणून हा माणूस गावभर हिंडला होता, जीभ पोळून घेतली होती. ते उठले, बैलाच्या पाठीवर तळहात ठेवला आणि थोपटला. बैलाच्या खुरांना पत्र्या ठोकताना मालक कसा धरून उभा राहतो, तसे. म्हणाले, "करा. मी धरतो."

छिन्नी आणली. बिशप म्हणाले, लोकांना जेवायला जाऊ द्या, पण कुणी हललं नाही. मी खूर काढला, मागचा दगड सरकवला. आत खापराचा नळ निघाला, भिंतीच्या पोटातून वरपासून खालपर्यंत. जुन्या मिस्त्रीनं छपराचं पाणी उतरवायला ठेवलेला. पुढं कधीतरी छपराला सिमेंट मारलं तेव्हा वरचं तोंड बुजवलं, पण चिरांतून पाणी झिरपत राहिलं. आणि खालचं तोंड बाहेर आवारात निघायचं, ते दिसेना. पानं, माती, कबुतराची पिसं, आणि मधे कोंडलेलं पाणी. पाणी छपराचं, पण तुंबलं खाली, म्हणून ओल ना जमिनीतून होती ना थेट छपरातून. ती मधूनच होती. म्हणजे निम्मं माझं खरं होतं, आणि निम्मं फादरचं. ते मात्र पाऊण त्यांचं म्हणायचे.

सेक्रेटरी उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं मी बघितलं तर सणाचा कोट काढून ठेवलेला, बाह्या वर सारलेल्या, आणि ते स्वतःच्या हातानं पेव्हर ब्लॉक उपटत होते. नळाचं तोंड त्याखाली दबलेलं होतं. ब्लॉक निघाला आणि नळानं कितीतरी पावसाळ्यांचं काळं पाणी त्यांच्या नव्या बुटांवर ओकलं. त्यांच्या आई खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "आता कसं. माझा खोकला तुझ्या फरशीखाली होता व्हय रं?"

ते हसले, आणि मग सगळेच हसले.

भिंत त्या उन्हाळ्यापर्यंत कोरडी ठणठणीत झाली. टाइलचा विषय पुन्हा निघाला नाही. सेक्रेटरींनीच ती चित्रं मोबाइलमधून काढून टाकली, निदान मला तसं सांगितलं. खुराच्या जागी मी चुना भरला. रंग द्यायला फादर नको म्हणाले. "ती जखम आहे, राहू द्या." म्हणून त्या बैलाचा एक खूर अजून पांढरा आहे.

फादरनी मग कणकेचे गोळे फिरवून चित्रावरची काजळी पुसायला घेतली. हळूहळू शेरवानी दिसली, अत्तराचा फाया दिसला, नदीच्या घाटावर धुणं धुणारी एक बाई निघाली जी कुणालाच माहीत नव्हती. बैलापाशी आले आणि मी म्हणलं, आता कळल देवणी का कंधारी. तेव्हा बिशप योगायोगानं आले होते. आमच्या दोघांकडं बघून म्हणाले, "फादर, बैल राहू द्या. तो साफ झाला तर तुमच्यापैकी एक जण इथं यायचा बंद होईल." म्हणून बैल अजून काजळीतच आहे.

त्यांच्यात बदल्या होतात. फादरना लांब पाठवलं, आणि वय झाल्यावर म्हाताऱ्या फादरांच्या आश्रमात ठेवलं. जायच्या दिवशी माझ्या घरी आले. याही वेळी नमस्कार नाही. भिंत वाजवली. मी म्हणलं, पोराची हाय. ते म्हणाले, "माहीत आहे. निरोप घेऊन राहिलो."

आता त्यांचा फोन येतो. पाय चालत नाहीत, पण कान शाबूत आहेत. परवा रविवारी आला. मावशींनी मला बोलावलं होतं, मी चर्चमधेच होतो, मिस्सा संपून लोक गेले होते.

"मिस्त्री, भिंत कशी आहे?"

"ठणठणीत."

"ऐकवा."

मी मोबाइल भिंतीला लावला आणि बोट वाजवलं. जोसेफच्या पायाला. ठक. "बरं," फोनमधून आवाज आला. "राजाच्या टोपीला." ठक. "घाटाला." ठक.

"आता बैलाला," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणायचे, मारत न्हाईत."

"हळू वाजवा."

मी पांढऱ्या खुरावर हळूच वाजवलं. ठक. घट्ट, भरीव. आत कुणी नव्हतं, पाणी नाही, मुंगी नाही. फोनमधे त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग तिकडून, लांबून, तसंच ठक ठक ऐकू आलं. ते आपल्या खोलीची भिंत मला ऐकवत होते.

"सिमेंट," मी म्हणलं. "गिलावा सुटला हाय."

"मी पण तेच म्हणून राहिलो इथं. कुणी ऐकत नाही." मग म्हणाले, "बैल भरीव वाजला. कंधारी भरीवच वाजतो."

"देवणी बी," मी म्हणलं, आणि त्यांनी काही बोलायच्या आत फोन ठेवून दिला. पुढच्या रविवारी करतीलच.